सिगारेट लांब होत जाते

पहिल्यांदा जोडून पाहिलं तेव्हा
जुम्बेरकाकाची सिगारेट ओढता ओढता लांब होत गेली.
आधी थोटूक, मग अर्धी, मग अख्खी,
आणि पाव भट्टीत जायच्या आधीच भाजून तयार.
लामाराबाई मागे उभ्या, सूर्यफुलाच्या बिया सोलत.
म्हणाल्या, "नेस्तान, काळ उलटा चाललाय तुझ्या कुताइसीत.
चालू दे. पण चुकून नको."

चार तास सतरा मिनिटांचं चित्रण.
हवीत अकरा मिनिटं.
उरलेलं जातं कुठे, मी विचारलं.
टरफलं ओंजळीत गोळा करत त्या म्हणाल्या,
"बघितलंस ना तू? मग झालं."

संगणक मामेभावाचा. त्याचा पंखा असा घरघरतो
की वाटावं, रिओनीला पूर आलाय.
आई दोनदा उठून नदीकडची खिडकी बघून गेली.

जुम्बेरकाका भट्टीत वाकतो
तेव्हा त्याचे पाय जमिनीवरून सुटतात.
कमरेपर्यंत माणूस आगीच्या विहिरीत
आणि बाहेर दोन चपला, अधांतरी.
हे मी बावीस वेळा घेतलंय.
बावीस वेळा माझाच आवाज: "अजून एकदा, काका."
तिथं उभी होते तेव्हा तो ऐकू आला नव्हता मला.
हेडफोनमध्ये येतो. किती सहज मागते मी,
जशी काही आग माझ्या घरची.
सतराव्या वेळी तो वर येतो,
मनगटावर फुंकर घालतो,
कॅमेऱ्याकडे बघतो
आणि पुढचा गोळा उचलतो.
सतरावाच घेतला.
माझा आवाज काढून टाकला.
चहा पिऊन आले, परत ठेवला.

निघताना लामाराबाईंनी बजावलं होतं:
खोलीची शांतता आण भरून, एक मिनिटभर.
मला थट्टा वाटली होती.
आता जिथं जिथं कापते तिथं भोक पडतं आवाजाला,
आणि त्या एका मिनिटाची ठिगळं लावत बसते मी.
त्यात निखारे आहेत, एक माशी आहे,
आणि दोन माणसं, माझ्यासाठी श्वास धरून उभी.

त्सियालाकाकू खिडकीशी पाव विकते.
म्हणाली होती, हात घे, सुटे पैसे घे,
तोंड नको.
बरं, म्हटलं होतं मी.

पण खिडकीच्या काचेत, पहाटे,
गिऱ्हाईक काहीतरी बोलून गेल्यावर
ती हसते. पिठाच्या हातानं केस मागे सारते,
एक बट पांढरी होते.
दोन सेकंद.
मला तेव्हा दिसलंही नव्हतं.

ते दोन सेकंद सुरुवातीला लावले. शोभले.
शेवटी लावले. शोभले.
भट्टी आणि पाव यांच्या मध्ये ठेवले
तर सगळा सिनेमा त्यांच्यासाठीच काढल्यासारखा.
तीन रात्री मी स्वतःशी वकिली केली:
काच म्हणजे काही तोंड नव्हे.
चौथ्या रात्री कापले.
बटण दाबताना वाटलं तेवढा आवाज झाला नाही.

हसू मात्र राहिलं.
चित्र एका रांगेत असतं, आवाज दुसऱ्या,
एक गेलं तरी दुसरं जात नाही, हे मला माहीत नव्हतं.
ते आता फळीवर मांडलेल्या पावांवरून जातं,
होडीसारखे पाव, वाफाळते, ओळीनं,
आणि कोणीही नाही.

रविवारी भट्टी विझल्यावर पिठाच्या पोत्यावर संगणक ठेवला.
जुम्बेरकाका अकरा मिनिटं हलला नाही.
मग म्हणाला, "तिसरा पाव कच्चा आहे.
जगाला कच्चा पाव दाखवतेस माझा?"

त्सियालाकाकू दारात उभी होती, अर्धी आत.
"ती हसतेय कोण?"
कोणी काही बोललं नाही. पंखा घरघरत होता.
तिनं हात अ‍ॅप्रनला पुसले, कोरडे होते तरी.
"एवढ्या मोठ्यानं?" म्हणाली,
आणि मग, "मागे घे जरा."

मी मागे घेतलं.
पाव भट्टीत परत गेले, चपला जमिनीवर आल्या,
सिगारेट लांब होत गेली.